थैली कोणी उचलायची?

आमच्या राशनकार्डावर सात नावे आहेत. माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दुकानापासून चुलीपर्यंत ते फुकट येत नाही. उत्तर नागपूरच्या आमच्या वस्तीत कंट्रोलचे दुकान घरापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. अर्ध्या रस्त्यापर्यंत ऑटो येतो. पुढच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभे राहावे लागते. तिथून पुढे ते धान्य कोणाच्या तरी डोक्यावर नाहीतर कमरेवर येते. आमच्या घरी ते वर्षानुवर्षे बाईच्याच डोक्यावर आले. आधी माझ्या, मग माझ्या धाकट्या जावेच्या.

आरोग्याच्या या पानावर बहुतेक वेळा डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. वस्तीतल्या महिला मंडळाचे काम करते आणि सहा वर्षांपासून संधिवाताच्या गोळ्या खाते. रोज अंग दुखणाऱ्या, जिना चढताना थकणाऱ्या बाईला बाजारहाट सोपा कसा करता येईल, यावर मी लिहावे असे मंडळातल्या बायांनी सुचवले. युक्त्या आहेत, त्या पुढे सांगतेच. पण माझे मत आधीच सांगून टाकते. नुसत्या युक्त्यांनी हा प्रश्न सुटत नाही. थैली कोणी उचलायची, हे घराने आणि वस्तीने बसून नव्याने ठरवावे लागते. हे मी शहाणपणाने शिकले नाही, एका चुकीतून शिकले.

मे महिन्यातली गोष्ट

आठ वर्षे झाली असतील. तेव्हा गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळायचा. कार्डावर सहा नावे होती, म्हणून ३० किलो. जाऊ २३ वर्षांची, कडेवर लहान लेकरू. तिला सिकलसेल आहे हे बाळंतपणातल्या तपासणीत कळले होते. पण आम्ही घरच्यांनी त्याचा अर्थ 'रक्त कमी आहे' एवढाच लावला होता. मे महिन्यातल्या दुपारी दुकान उघडल्याचा निरोप आला. ती म्हणाली, "ताई, आज अंगात काहीच नाही. उद्या जाऊ का?" उद्या दुकान बंद असेल तर काय, अशी मला धास्ती. मी म्हणाले, "तरण्या पोरीले तीस किलो जड होते का? आम्ही तं पोट घेऊन पाणी भरलं."

ती गेली. दोन तास रांगेत उभी राहिली, दोन खेपा केल्या. रात्री तिचे पाय आणि कंबर असे दुखायला लागले की तिचा आवाज चार घरे ऐकू गेला. पाच दिवस दवाखान्यात होती, रक्ताची एक बाटली चढवावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावले. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून ती कळ येते. ऊन, तहान, अतिश्रम, ताप, थंडी यातले काहीही ती कळ आणू शकते. आम्ही तिच्या वाट्याला एका दुपारी ऊन, तहान आणि श्रम ही तिन्ही दिली होती.

मला तेव्हा वाईट वाटले, पण खरे समजले ते दोन वर्षांनी. सकाळी उठल्यावर माझी बोटे वळेनात. नळाची तोटी फिरवायला पोराला हाक मारावी लागायची. तास-दीड तासाने बोटे सैल व्हायची. तपासणीत संधिवात निघाला. वयाने येणारी गुडघेदुखी वेगळी आणि हा वेगळा. यात शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा सांध्यांवर उलटते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो कितीतरी जास्त होतो. त्या महिन्यात थैलीचे बंद माझ्या बोटांतून सुटले आणि डाळ नालीत गेली. शेजारची एक म्हणाली, "हिले काय झालं, चांगली तं दिसते." जावेला मी जे बोलले होते, तेच माझ्याकडे परत आले.

दुखणे दिसत नाही म्हणून

आपल्या वस्तीत असे न दिसणारे दुखणे किती घरांत आहे, ते मोजायला बसलो तर बोटे पुरणार नाहीत. सिकलसेल तर विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात जास्त आढळतो. चिकनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्महिने सांधे धरलेल्या बाया आहेत. धुणीभांडी करून कंबर गेलेल्या आहेत. रक्त कमी असलेल्या तर घरोघरी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला.

प्लास्टर बांधलेला हात दिसला की कोणीही म्हणते, राहू दे, मी आणतो. सांध्यातली कळ आणि रक्तातला थकवा दिसत नाही, म्हणून त्याला आळस म्हणतात, नखरे म्हणतात. आपल्या वाचकांना एक आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेबांनाही शेवटच्या वर्षांत मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात ते दीक्षेसाठी उभे राहिले तेव्हा हातात काठी होती आणि सोबतच्या माणसाचा आधार होता. त्या आधाराला आपण कोणी कमीपणा मानत नाही. मग घरातल्या बाईने "मला उचलवत नाही" म्हटले, तर तिला कमी का लेखायचे?

छापील सल्ला आणि आपली गल्ली

दुखण्याच्या माणसाला बाजाराबद्दल जे सल्ले मिळतात ते ठरलेले असतात. महिन्याचे सामान एकदम भरा. मोबाईलवरून मागवा. चाकाची थैली घ्या. सल्ले चुकीचे नाहीत, पण ते पगारदार घराचे आहेत.

आपल्याकडे हाती पैसा रोज येतो किंवा आठवड्याला येतो. म्हणून तेलाची लहान पिशवी, पाव किलो साखर, दहा रुपयांची चहापत्ती असे रोजचे रोज आणावे लागते. लहान पुडी महाग पडते हे आम्हालाही कळते. पण त्याहून मोठा तोटा असा की महिन्यातून दोनदा होणारी खेप तीस वेळा होते, आणि प्रत्येक खेपेला दुखऱ्या पायांनी जावे लागते. मोबाईलवरून मागवायचे तर ठरावीक रकमेच्या वर सामान घ्यावे लागते, आणि आणणाऱ्या पोराला आमचे घर सापडत नाही. चाकाची थैली मी मुलाकडून मागवून पाहिली. तिची चाके आमच्या गल्लीतल्या नालीच्या फरशांत अडकतात. ती आता घरात कांदे ठेवायला आहे.

म्हणून आम्ही दोघी जावांनी आपल्या गल्लीत चालेल असे हळूहळू बसवले. त्यातले जे टिकले तेवढेच सांगते.

आमच्याकडे जे टिकले

पहिले म्हणजे सामानाचे दोन भाग केले. एक जड आणि न नासणारे, एक हलके आणि रोजचे. जड म्हणजे राशन, दळण, तेलाचा डबा, मीठ, साखर, कांदे, आलू. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोच्या वर भरतो, हे उचलणाऱ्यालाच कळते. जड सामान महिन्यातून दोनदा येते आणि ते आम्ही दोघी उचलत नाही. हलके म्हणजे भाजी, सांभार, दूध, चहापत्ती. ते ठेल्यावरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून येते. दीड-दोन किलोच्या वर एका वेळी आणायचे नाही, असे ठरवले आहे.

दुसरे म्हणजे दिवस. दुखण्याच्या माणसाच्या अंगात ताकद रोजंदारीसारखी येते. आज जेवढी मिळाली तेवढीच आजची. उद्याची आज उचलली तर उद्या उठवत नाही. म्हणून ज्या दिवशी चादरी धुवायच्या, त्या दिवशी बाजार नाही. ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी घरात खिचडी. आधी मला याची लाज वाटायची. आता पोरेच विचारतात, "आज बाजार आहे ना, मग खिचडी?"

तिसरे म्हणजे वेळ. संधिवाताला सकाळ वाईट असते, बोटे आणि गुडघे आखडलेले असतात. मी दहानंतर बाहेर पडते. जावेला ऊन वाईट, म्हणून मार्च ते जून ती अकरा ते पाच या वेळात बाजाराला जातच नाही, आणि हिवाळ्यात अंधार पडल्यावर जात नाही, कारण थंडीही तिला बाधते. निघताना एक लोटा पाणी पिते आणि बाटली सोबत घेते. बाटलीचे वजन ती मोजत नाही, तेवढे सामान कमी घेते. आठवडी बाजार उठता उठता भाजी स्वस्त होते हे खरे. पण त्या वेळची रेटारेटी आणि रात्रीचा परतीचा रस्ता पाहता वाचलेले वीस रुपये मला दोनदा गोळीत घालवावे लागले. आता मी संध्याकाळी लवकर जाते. दोन रुपये जास्त देते आणि सरळ परत येते.

चौथे म्हणजे थैली धरायची कशी. पातळ पन्नीचे बंद बोटांना कापतात, आणि दुखऱ्या बोटांनी मूठ आवळून वजन धरले की सांध्यावर ताण येतो. कापडी थैलीला रुंद पट्टे शिवून घ्या. जुन्या पँटचा कमरेचा भाग चांगला चालतो. थैली बोटांत लटकवण्याऐवजी कोपरापाशी किंवा खांद्यावर घ्या. सगळ्यांत चांगले म्हणजे पोरांचे जुने दप्तर. दोन्ही खांद्यांवर वजन वाटले जाते आणि हात मोकळे राहतात. एका हातात चार किलो घेण्यापेक्षा दोन हातांत दोन-दोन किलो घेतले तर कंबर कमी धरते. आणि चाकाची थैली नालीवर अडकते तिथे सायकल चालते. हँडलला आणि कॅरिअरला थैल्या लटकवायच्या आणि सायकल हाताने ढकलत आणायची. सायकलचा टेकू मिळतो, ते वेगळेच.

पाचवे म्हणजे दुकानदार. आमचा किराणा दुकानदार वाईट माणूस नाही, त्याला फक्त माहीत नव्हते. एक दिवस मी सांगितले, "भाऊ, माझी बोटं काम करत नाहीत. मी यादी फोनवर सांगीन, तुम्ही काढून ठेवा. पाच किलोची एक पिशवी नको, अडीच-अडीचच्या दोन करा. आणि मला बसायला स्टूल द्या." तिन्ही गोष्टी त्याने त्याच दिवसापासून केल्या. उभे राहून वाट पाहण्यातच माझी अर्धी ताकद जायची. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून यादी पाठवता येते, ते काम पाचवीतला पोरगा शिकवतो. दुकानदार माणूस पाठवून सामान घरी देत असेल तर ते जरूर घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. घरपोच मिळते म्हणून उधारी वाढू देऊ नका. उधारीच्या वहीत अडकलेल्या बाईला मग दुकान बदलता येत नाही, आणि भावही विचारता येत नाही.

सहावे म्हणजे घरात आल्यावर. तीस किलोची गोणी आत आणून डब्यात एकदम ओतायचा हट्ट आम्ही सोडला. गोणी दाराशी पाटावर राहते. रोजच्या कामाचे दोन लहान डबे कमरेच्या उंचीला आहेत. त्यात लोट्याने भरायचे, ते पोरेही भरतात. उंच फळीवर आणि खाटेखाली जड काही ठेवत नाही. भाजी घेतानाही हात पाहून घेते. ज्या दिवशी बोटे सुजलेली असतात त्या दिवशी शेंगा सोलायच्या भाज्या नाहीत. कोहळ्याची कापलेली फोड घ्यायची. पालक डाळीत घालायचा, तो निवडायला पोरे बसतात. अख्खे कोहळे स्वस्त पडते, पण ते कापणार कोण?

घरातले पुरुष

एवढे सगळे केले तरी जड सामान कोण आणणार हा प्रश्न उरतोच. आमच्या घरात याचे उत्तर समोरच बसलेले होते आणि आम्हाला दिसत नव्हते. माझे दीर ई-रिक्षा चालवतात. दिवसभर लोकांच्या थैल्या, गोण्या, लग्नाची भांडी वाहतात. पण त्यांनी आपल्या घरचे राशन कधी आणले नव्हते. त्यांचा नकार नव्हता. त्यांना कोणी म्हटलेच नव्हते आणि त्यांच्या मनात आले नव्हते.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. २०१९ मध्ये सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. दिवसात घरकाम करणाऱ्या बायका १०० पैकी ८१ निघाल्या, पुरुष २६. जे करतात त्यांच्यातही बाईचा वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. बाहेर समतेच्या सभेला खुर्च्या लावणारे आपलेच पुरुष घरात मात्र थैली पाहून बाजूला होतात, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

याला एक प्रामाणिक उत्तर मिळते, तेही सांगितले पाहिजे. "दुकान दिवसा उघडे. रांगेत उभे राहिलो तर दिवसाची मजुरी गेली." हे खोटे नाही. ज्याची मजुरी बुडते त्याला रांगेत उभे करा असे मी म्हणत नाही. पण अंगठा देणे आणि गोणी वाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्याकडे आता असे होते. मी स्टूल घेऊन दुकानात जाते, अंगठा देते, धान्य मोजून घेते, काट्याकडे लक्ष ठेवते. गोणी दुकानातच राहते. दीर शेवटच्या फेरीनंतर रिक्षा वळवून ती गल्लीच्या तोंडापर्यंत आणतात, तिथून माझे मिस्टर आणि मोठा मुलगा घरात आणतात. महिन्यातून एक दिवस, अर्धा तास. हे जमायला आमच्या घराला आठ वर्षे लागली. मध्ये एका बाईला पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले.

मुलींबद्दल एक सांगते. आईचे दुखणे वाढले की सगळ्यात आधी मोठ्या मुलीची शाळा बुडते. आईची थैली तिच्या हातात येते आणि मग ती तिच्याच हातात राहते. घरात मुलगा असेल तर काम दोघांत वाटा. मुलगी एकटीच असेल तर शेजाऱ्यांना सांगा, पण तिचे पुस्तक खाली ठेवू नका.

राशन दुकानात काय मागता येते

काही गोष्टी आपण मेहेरबानी म्हणून मागतो, त्या नियमात आहेत. राशन घ्यायला कुटुंबप्रमुखानेच गेले पाहिजे असे नाही. कार्डावर नाव आणि आधार जोडलेले असेल तर घरातल्या कोणाचाही अंगठा चालतो. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीला मशीन तीन-तीनदा नाकारते. तिला उन्हात परत परत बोलावण्यापेक्षा दुसऱ्याचा अंगठा द्या. कार्ड आता ठरलेल्या एकाच दुकानाला बांधलेले नाही. जवळचे, कमी गर्दीचे, पायऱ्या नसलेले दुकान असेल तर तिथून धान्य घेता येते. म्हातारे, अपंग, अंथरुणाला खिळलेले, ज्यांच्या घरी जाणारे कोणीच नाही, अशांना घरपोच किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाच्या हाती धान्य देण्याची सोय करावी असे केंद्र सरकारने राज्यांना कळवलेले आहे. त्यासाठी राशन कार्यालयात तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

सिकलसेलच्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत, त्यात सिकलसेल आहे. सरकारी दवाखान्यातून तपासणी करून प्रमाणपत्र काढता येते. बऱ्याच जणी "आम्ही काय अपंग आहोत का" म्हणून मागे राहतात. पोरीच्या लग्नात अडचण येईल म्हणून दुखणे लपवतात. माझ्या जावेच्या माहेरीही तसेच झाले होते. लपवण्याने दुखणे जात नाही. फक्त मदत मागायची वाट बंद होते.

आणि दुकानाबाहेरची सावली, बसायला बाक, प्यायला पाणी, आजारी माणसांना आधी नंबर? हे एकटीने मागितले तर दुकानदार हसतो. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक राशन दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती सांगितली आहे. तीत अनुसूचित जाती, जमाती, महिला, निराधार किंवा अपंग व्यक्तींना प्रतिनिधित्व द्यायचे आहे. म्हणजे आपल्याचसाठी जागा ठेवलेली आहे. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे हे किती जणींना माहीत आहे? आमच्या मंडळाला माहीत नव्हते. आम्ही पंचवीस सह्यांचे निवेदन दिले. बाक अजून आलेला नाही. ताडपत्री मात्र लागली, आणि दुकान कोणत्या दिवशी उघडणार ते आदल्या संध्याकाळी पाटीवर लिहिले जाते. बाकासाठी पुन्हा निवेदन देणार आहोत.

विहारातल्या बायांना

महिला मंडळांनी यात हात घालावा असे मला वाटते. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एक केले. पंधरा दिवसांनी तेल, डाळ, साखर यांची एकच यादी होते. दोघी धडधाकट बाया इतवारीला जातात, भाड्याचा ऑटो पाच घरांत वाटला जातो आणि सामान विहाराच्या ओट्यावर उतरते. ज्यांना उचलत नाही त्यांचे सामान पोरे घरी नेऊन देतात. ठोक भावात जे वाचते त्यातून ऑटोचे भाडे निघते. ज्यांच्याकडे त्या दिवशी पैसे नसतात त्यांच्यासाठी बचत गटातून आठवड्याची उचल आहे, म्हणजे दुकानदाराची वही नको. पहिल्या महिन्यात डाळीच्या वजनावरून भांडण झाले. तेव्हापासून ओट्यावर काटा ठेवतो आणि सर्वांसमोर मोजतो.

यात कोणी कोणावर उपकार करत नाही. मी थैली उचलू शकत नाही, पण मला हिशेब येतो, भाव माहीत आहेत, यादी मी करते. दुखणाऱ्या बाईकडे डोके असते, जीभ असते, अनुभव असतो. तिला घरात बसवून सगळे तिच्याविना करू नका. तिच्याकडून फक्त वजन काढून घ्या.

शेवटी दोन इशारे. थकवा आणि दुखणे याला कायमचे नशीब मानू नका, कारण तपासा. रक्त कमी असणे, थायरॉईड, साखर, टीबी, यातल्या बऱ्याच गोष्टींवर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मिळतात. मेडिकलमधून मनाने दुखण्याची गोळी आणून रोज खाऊ नका. ती पोट आणि मूत्रपिंड खराब करते. आणि सिकलसेलच्या माणसाला तापासोबत छातीत दुखायला लागले, दम लागला, किंवा कळ नेहमीच्या औषधाने थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

यंदा मे महिन्यात राशनचा निरोप आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जावेने उठून पदर खोचला. आठ वर्षांची सवय. तिचा मुलगा आता नववीत आहे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तू बस वं माय, ऊन आहे. संध्याकाळी बाबासोबत मी जातो." ती बसली. मीही तिच्याजवळ बसले आणि यादी लिहायला घेतली.